बडोद्याच्या आकाशातील वटवाघळे: उड्डाण कसे पाहावे आणि कसे ओळखावे

वटवाघूळ पाहायचे म्हणजे रात्री विजेरी घेऊन निघायचे, अशी पुष्कळांची समजूत असते आणि तिच्यामुळेच ते फारसे कोणाला नीट दिसत नाही. विजेरीच्या झोतातून एक सावली सरकते, पाहणारा दचकतो आणि प्राणी निघून जातो. वटवाघळांचे निरीक्षण सूर्यास्तानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात करावे. त्या वेळी पश्चिमेकडचे आकाश अजून उजळ असते, त्यावर उडत्या प्राण्याची बाह्याकृती स्वच्छ उमटते, आणि पंखांचा आकार, उडण्याची उंची, वळण्याची रीत व पंख मारण्याचा वेग या चार गोष्टींवरून तो प्राणी कोणत्या गटातला आहे आणि काय खाण्यासाठी निघाला आहे याचा बराचसा उलगडा होतो. कानांची ठेवण, नाकावरची पाळी, पोटाचा रंग ही ग्रंथांत दिलेली लक्षणे हातात धरलेल्या नमुन्यासाठी असतात. आकाशातल्या प्राण्यावर ती दिसत नाहीत आणि सामान्य निरीक्षकाने प्राणी हातात धरण्याचे काही कारणही नाही. म्हणून येथे सारा भर उड्डाण ओळखण्यावर दिला आहे.

बडोद्यात सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातनंतर होतो. सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी जागेवर बसलेले असावे, कारण डोळ्यांना मंद प्रकाशाची सवय व्हायला वेळ लागतो आणि मध्येच एकदा मोबाइलचा पडदा पाहिला की ती सवय मोडते. तोंड पश्चिमेकडे करावे. समोर झाडांची एक रांग, तिच्यावर मोकळे आकाश आणि जवळपास पाणी, अशी जागा सर्वांत चांगली, कारण कीटक पाण्यावर व झाडांच्या कडेने दाटतात आणि दिवसभर टांगून राहिलेल्या वटवाघळांना बाहेर पडताच पाणी हवे असते. कमाटी बाग आणि तिच्यातून वाहणारी विश्वामित्री यांच्या आसमंतात हे तिन्ही योग जुळतात. मात्र नदीकाठी उतरू नये. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि वर आकाशाकडे पाहत काठावर उभ्या राहिलेल्या माणसाचे लक्ष पायाशी नसते. काळा घोडा पुलाच्या कठड्यापाशी पदपथावर उभे राहिले तर नदीवरचे आकाशही दिसते आणि मगरीची चिंताही राहत नाही. वाहनांच्या दिव्यांकडे तेवढी पाठ करावी. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही त्यांना दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातली एखादी जुनी गच्चीही पुरते.

आरंभी एक गोंधळ हमखास होतो. सूर्य मावळता मावळता जे छोटे काळे पक्षी किलबिलत घिरट्या घालतात ती वटवाघळे नसून पाकोळ्या असतात. जुन्या इमारतींच्या कमानींखाली त्यांची घरटी असतात आणि संध्याकाळी त्यांचे थवे घरट्यांभोवती फिरतात. पाकोळीचे पंख कोयत्यासारखे वाकलेले व ताठ असतात, काही वेळ भराभर मारून ती ते स्थिर धरते आणि तरंगत जाते. वटवाघळाचा पंख असा ताठ कधी राहत नाही. तो प्रत्येक ठोक्याला मिटतो, उघडतो, मधूनच वाकतो, आणि त्यामुळे लहान वटवाघळाचे उड्डाण थरथरते व दिशाहीन वाटते. पाकोळ्या घरट्यांत शिरतात आणि वटवाघळे बाहेर पडतात, त्या दोहोंमधला पाच-दहा मिनिटांचा काळ दोघांना शेजारी शेजारी पाहण्यासाठी उत्तम असतो. पहिल्या दिवशी एवढाच फरक पक्का करावा, जाती ओळखण्याच्या मागे लागू नये.

पंख कसा चालतो

वटवाघूळ हा स्वतःच्या बळावर, पंख मारून उडणारा एकमेव सस्तन प्राणी आहे आणि त्याचा पंख म्हणजे त्याचा हात आहे. दंड, अग्रबाहू, मनगट आणि पाच बोटे ही सारी हाडे त्यात असतात; अंगठा आखूड, मोकळा व नखाचा असतो आणि उरलेली चार बोटे विलक्षण लांबलेली असतात. या बोटांमधून, बोटांपासून शरीराच्या कडेपर्यंत आणि तेथून पायांपर्यंत त्वचेचा दुहेरी पातळ पडदा ताणलेला असतो. पुष्कळ जातींत तो दोन पायांमध्ये शेपटीभोवतीही असतो. पडद्यात लवचीक तंतू, रक्तवाहिन्या आणि अगदी बारीक स्नायू असतात. ते स्नायू हाडे हलवत नाहीत, पडद्याचा ताण कमीजास्त करतात. म्हणजे पंख उघडमीट होत असतानाच त्याचा फुगवटाही बदलता येतो. पक्ष्याला पिसांमुळे जे साधत नाही ते येथे साधते: पंखाचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वळवता येतो. पंखावर सूक्ष्म केसही असतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या संवेदी पेशींना हवेचा प्रवाह कोठे तुटतो आहे याची जाणीव होते. हे केस काढून टाकलेली वटवाघळे अडथळ्यांमधून उडताना वळणे रुंद घेतात व वेग कमी करत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे.

ठोका पाहायचा असेल तर मोठ्या फळखाऊ वटवाघळाकडे पाहावे, कारण त्याचा पंख सावकाश चालतो. खाली येताना पंख पूर्ण पसरलेला असतो, तो खाली आणि पुढे ढकलला जातो, आणि उचल व पुढची गती मुख्यतः याच अर्ध्या भागात मिळते. वर जाताना मनगट व बोटे मिटून पंख शरीराजवळ ओढला जातो. नावाडी वल्हे पाण्याबाहेर काढून परत पुढे नेतो तसा हा प्रकार आहे. वटवाघूळ सावकाश उडत असेल, फांदीपाशी किंवा फुलापाशी जागच्या जागी थांबू पाहत असेल, तर मात्र वर जातानाही पंखाचे टोक उलट फिरवून मागे झटकले जाते आणि त्यातूनही थोडा जोर मिळवला जातो. दुर्बिणीतून पाहताना झाडावर उतरू पाहणाऱ्या प्राण्याच्या पंखाच्या टोकाकडे लक्ष ठेवावे, म्हणजे ही झटक दिसते.

उतरण्याची क्रियाही मुद्दाम पाहण्यासारखी आहे. डोके वर असलेल्या स्थितीत उडत आलेल्या प्राण्याला क्षणभरात उलटे होऊन पायांनी फांदी पकडायची असते आणि त्या वेळी वेग इतका कमी झालेला असतो की हवेचा आधार पुरत नाही. शरीराच्या मानाने वटवाघळाचे पंख जड असतात. उतरताना एक पंख किंचित मिटून दुसरा पसरता ठेवला की त्या वजनाच्या फरकाने सबंध शरीर फिरते. फांदी पकडल्यावर टांगून राहायला त्याला श्रम पडत नाहीत, कारण शरीराच्या वजनानेच बोटांचे स्नायुबंध ताणले जाऊन पकड अडकून बसते. उड्डाण सुरू करणे तर त्याहून सोपे: पकड सोडायची आणि पडता पडता पंख उघडायचे. याच कारणाने जमिनीवर पडलेले मोठे वटवाघूळ बहुधा तेथूनच उडू शकत नाही, ते खुरडत एखाद्या खोडाकडे जाते आणि चढू पाहते. असे दृश्य दिसल्यास प्राणी जखमीच आहे असे लगेच समजू नये.

उड्डाणाच्या स्नायूंचा एक धागा बडोद्याशीच जोडलेला आहे. येथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात जे. सी. जॉर्ज आणि आर. एम. नाईक यांनी 1957 मध्ये हिपोसिडेरॉस स्पिओरिस या पर्णनासिक (नाकावर पानासारखी पाळी असलेल्या) वटवाघळाच्या छातीच्या मोठ्या स्नायूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन प्रकारचे तंतू आढळतात, त्यांची विभागणी कशी आहे आणि ते कोणते इंधन वापरतात, हा त्या अभ्यासाचा विषय होता. शहरातल्या निरीक्षकांना पक्षिशास्त्राची परंपरा ठाऊक असते, ही मात्र बहुतेकांच्या कानावरूनही गेलेली नसते.

कोण कसे उडते

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या शहरात व शहराभोवती भेटणाऱ्या मोजक्या जातींचे उड्डाण ओळखता आले तरी पुष्कळ झाले. यासाठी एक सूत्र लक्षात ठेवावे. लांब व अरुंद पंख म्हणजे वेग आणि मोकळे आकाश; आखूड व रुंद पंख म्हणजे सावकाशपणा, चटकन वळण्याची क्षमता आणि फांद्यांची गर्दी.

सर्वांत आधी, कधी कधी पुरता सूर्यास्त होण्यापूर्वीच, टॅफोझस वंशातील वटवाघळे उंचावर दिसू लागतात. त्यांचे पंख लांब व टोकदार असतात, उड्डाण सरळ व वेगवान असते, आणि ती झाडांच्या शेंड्यांच्याही पुष्कळ वर कीटक पकडतात. घार आणि पाकोळी यांच्यामध्ये कोठेतरी बसणारी आकृती वेगाने एका रेषेत जाऊन पुन्हा परतताना दिसली तर ती यांतली असण्याचा संभव मोठा. त्यानंतर लगेच पिपिस्ट्रेलस वंशातली चिमुकली वटवाघळे येतात. त्यांतले पिपिस्ट्रेलस टेन्युइस तर जेमतेम तीन ग्रॅम वजनाचे, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान वटवाघळांपैकी एक आहे. घरांच्या फटींत, कौलांखाली, पाटीमागे ते राहते. ते घराच्या छताच्या उंचीवर त्याच त्या फेऱ्या मारते, आणि त्याचे ठोके मोजताच येत नाहीत. अधूनमधून ते हवेत जणू अडखळते व कोलांटी घेते. हे अडखळणे म्हणजे शिकार असते: कीटक थेट तोंडात न धरता पंखाच्या टोकाने किंवा पायांमधल्या पडद्याने कवळून नंतर तोंडात घेतला जातो. याहून स्पष्टपणे मोठे, त्याच सुमारास येणारे आणि पिवळसर पोटाचे स्कोटोफिलस हीथी झाडांच्या मधल्या उंचीवर मोठे घेर घेत फिरते.

जुन्या भग्न वास्तू जवळ असतील तर ऱ्हायनोपोमा या लांब शेपटीच्या वटवाघळाकडे लक्ष द्यावे. याची शेपटी पडद्यात गुंतलेली नसून उंदराच्या शेपटीसारखी मोकळी लोंबते. ते काही ठोके मारून वर चढते, मग पंख धरून खाली तरंगते, पुन्हा चढते, आणि ही वरखाली जाणारी रेषा एकदा पाहिल्यावर दुसऱ्या कोणाशी सहसा चुकत नाही. हिवाळ्यापूर्वी ते शरीराच्या मागच्या भागात चरबी साठवते.

अंधार बराच दाटल्यावर बाहेर पडतात ती सावकाश उडणारी, रुंद पंखांची वटवाघळे. उजेडात त्यांना शिकारी पक्ष्यांपासून पळता येणार नाही, म्हणून ती उशिरा निघतात. पर्णनासिक वटवाघळे झुडपांच्या कडेने खालून उडतात. मेगाडर्मा लायरा हे मोठ्या कानांचे वटवाघूळ जमिनीपासून हातभर उंचीवरूनही जाते आणि बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी, एवढेच काय लहान वटवाघळेही खाते. ते उडताना क्वचितच ओळखू येते. त्याचा पत्ता लागतो तो जुन्या घराच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात, जेथे सकाळी एकाच जागी पतंगांचे पंख, पिसे आणि बेडकांचे पाय पडलेले आढळतात. लोक याचा दोष मांजरीवर ठेवतात.

मोठे फळखाऊ वटवाघूळ, म्हणजे टेरोपस, ओळखायला काहीच अडचण नाही. पंखांचा विस्तार 1.2 ते 1.5 मीटर, वजन दीड किलोपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी विशिष्ट दिशेने चाललेली विखुरलेली रांग. ठोके संथ आणि एकसारखे असतात. ते कीटकांमागे वळत नाही, आपल्या झाडाकडे सरळ जाते, आणि एका रात्रीत कित्येक किलोमीटर अंतर कापते. उन्हाळ्यात पाण्यावरून जाताना पोट टेकवून ओले करून घेते व नंतर केस चाटून पाणी पिते. पुलावर उभे राहणाऱ्याला हे दिसण्याची शक्यता अधिक. याच्याहून पुष्कळ लहान, पोपट-चिमणीच्या दरम्यानच्या आकाराचे सायनॉप्टेरस स्फिंक्स हे फळखाऊ वटवाघूळ ताडामाडाच्या झावळ्यांत आणि आसोपालवच्या, म्हणजे खोट्या अशोकाच्या, दाट फांद्यांत राहते. पावसाळ्यात आसोपालवला फळे लागली की ते त्यांतले एक तोडून दुसऱ्या झाडावर नेते, रस चोखते आणि चोथा व बी खाली टाकते. सोसायटीच्या फाटकापाशी किंवा मोटारीच्या टपावर सकाळी पडलेल्या बिया त्याच्याच असतात.

न ऐकू येणारे ऐकणे

लाझारो स्पालान्झानी याने 1793-94 च्या सुमारास डोळे निकामी झालेली वटवाघळेही अडथळे टाळून उडतात असे दाखवले, आणि जिनिव्हाच्या लुई ज्युरीन याने कान बंद केले तर ती धडपडतात असे पाहिले. कारण कोणालाच सांगता येईना, कारण तो आवाज माणसाच्या कानापलीकडचा होता. 1938 मध्ये हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिनने जी. डब्ल्यू. पियर्सच्या उपकरणाने तो प्रथम टिपला. माणसाला सुमारे 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते; बहुतेक कीटकभक्षी वटवाघळे त्याच्या वर, कित्येक तर 100 च्याही वर ओरडतात. हे ओरडणे विलक्षण मोठे असते, आणि स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ नये म्हणून हाक देण्याच्या क्षणी मध्यकर्णातला एक स्नायू आखडतो. हाक, श्वास आणि पंखाचा ठोका यांची सांगड असल्यामुळे उडता उडता ओरडण्यासाठी वेगळी अशी फारशी शक्ती खर्चावी लागत नाही.

हा आवाज ऐकण्यासाठी बॅट डिटेक्टर हे छोटे यंत्र मिळते. साध्या यंत्रावर एक चकती असते, तिने जी वारंवारता लावावी तिच्या आसपासची हाक यंत्र आपल्याला ऐकू येईल इतकी खाली आणते. आरंभी चकती 45 किलोहर्ट्झवर ठेवावी, वटवाघूळ दिसले की सावकाश वरखाली फिरवावी, आणि आवाज जेथे सर्वांत भरीव वाटेल तो आकडा लिहून ठेवावा. उंचावरची टॅफोझस 25-30 च्या आसपास, ऱ्हायनोपोमा 30-35 च्या आसपास आणि चिमुकली पिपिस्ट्रेलस त्याहून पुष्कळ वर सापडते. पर्णनासिक वटवाघळांपैकी काही 130 च्या पुढे जातात आणि स्वस्त यंत्रांची मर्यादा तेथेच संपते. आकड्यापेक्षा ताल अधिक उपयोगी आहे. शोध चालू असताना सेकंदाला दहाएक टिकटिक ऐकू येतात. कीटक सापडला की त्या दाटत जाऊन शेवटी सेकंदाला दीडशेहून अधिक होतात व एक घरघर उठते. ती घरघर आणि मघाशी सांगितलेली कोलांटी एकाच क्षणी घडते. डोळ्यांनी कोलांटी आणि कानांनी घरघर एकदा जुळवली की नंतर अंधारातही शिकार मोजता येते.

यंत्र नसेल तरी एक प्रयोग फुकट करता येतो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याभोवती पतंग जमलेले असताना किल्ल्यांचा जुडगा जोराने वाजवावा. किल्ल्यांच्या खणखणाटात श्राव्यातीत ध्वनी भरपूर असतो आणि पुष्कळ पतंगांना वटवाघळाच्या हाका ऐकणारे कान असतात. काही पतंग तडक खाली कोसळतात, काही वेडीवाकडी वळणे घेतात. वटवाघूळ आल्यावर ते हेच करतात.

टेरोपस मात्र प्रतिध्वनीवर अवलंबून नसतो, तो मोठ्या डोळ्यांनी आणि घ्राणेंद्रियाने वाट काढतो. त्याच्यापाशी डिटेक्टर रोखून बसणे व्यर्थ आहे. फळखाऊंपैकी रूसेटस वंश तेवढा अपवाद आहे, तो गुहा-तळघरांत राहतो आणि जिभेने टकटक करून प्रतिध्वनी ऐकतो.

दिवसा थव्यापाशी

टेरोपसचे दिवसाचे वसतिस्थान शोधायला अवघड नसते. संध्याकाळी रांग ज्या दिशेने येते त्या दिशेला दुसऱ्या दिवशी जावे, उंच वड, चिंच किंवा निलगिरी पाहावी आणि परिसरातल्या रखवालदाराला किंवा रिक्षावाल्याला ‘वागोळ’ कोठे लटकतात ते विचारावे. ते झाडापर्यंत आणून सोडतात. झाडाच्या थेट खाली उभे राहू नये, याची दोन कारणे आहेत आणि दुसरे कारण असे की माणूस खाली आला की सबंध थवा अस्वस्थ होतो. साठ-सत्तर पावलांवरून आठ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीने सारे दिसते.

हा थवा झोपलेला असतो असे मानणे ही चूक आहे. चांगल्या जागेसाठी नरांची भांडणे चालू असतात, अंगठ्याच्या नखाने फांद्या पार करून एकमेकांवर चाल केली जाते, माद्या पिलांना चाटतात. मलमूत्र विसर्जनासाठी प्राणी अंगठ्यांनी लटकून डोके वर करतो, म्हणजे अंग खराब होत नाही. मीलन बहुधा जुलै ते ऑक्टोबरात होते, फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान मादीला एकच पिलू होते आणि आरंभीचे काही आठवडे ती त्याला छातीशी घेऊनच उडते. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी जड, किंचित बोजड उडणारी आकृती दिसली तर पोटाशी पिलू आहे का ते दुर्बिणीने पाहावे. एप्रिल-मे हा कसोटीचा काळ असतो. ऊन वाढले की आधी एक पंख हलवून वारा घेणे सुरू होते, मग पंखांवर लाळ चाटली जाते, मग धापा टाकल्या जातात, आणि शेवटी प्राणी सावलीसाठी खोडाच्या खालच्या भागाकडे सरकतात. पारा चाळिशीच्या पुष्कळ वर गेल्यास ते मरूनही पडतात. या पायऱ्या ज्या क्रमाने आणि ज्या तापमानाला दिसतील त्यांची नोंद अत्यंत मोलाची आहे, आणि तिला थर्मामीटर व वही एवढेच पुरते.

फुलांवरचे वर्तन पाहायचे असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडे, जांबुघोड्याच्या बाजूला, मोहाची फुले असताना जावे. उन्हाळ्याच्या अखेरीस गोरखचिंच फुलते, तिची मोठी पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळांनी यावे म्हणूनच ती अशी असतात. बडोद्याजवळ गणपतपुरा येथे या झाडाचा एक प्रचंड वृक्ष आहे. अशा झाडापाशी विजेरी लागल्यास तिच्यावर लाल कागद लावावा आणि झोत थेट प्राण्यावर धरू नये.

चांपानेर-पावागढसारख्या जुन्या अवशेषांच्या परिसरात आणि वावांपाशी, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींपाशी, वटवाघळे शोधताना आत न शिरता तोंडापाशी, बाजूला बसून बाहेर पडणारी वटवाघळे मोजावीत. बंद जागेतल्या साठलेल्या विष्ठेच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मोसिस या फुप्फुसाच्या रोगाची बुरशी असू शकते, शिवाय पिले लटकत असताना माणूस आत गेला तर ती खाली पडतात. भिंतीच्या कडेला बारीक लेंड्या दिसल्यास काडीने दाबून पाहाव्यात: उंदराच्या असतील तर कडक लागतात, कीटकभक्षी वटवाघळाच्या असतील तर भुगा होतो आणि त्यात कीटकांच्या पंखांचे चकाकणारे तुकडे दिसतात. उष्टी फळे उचलू नयेत, पडलेल्या प्राण्याला उघड्या हाताने शिवू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे. एवढे पाळले तर धोका जवळजवळ उरत नाही. केसांत वटवाघूळ अडकते ही गोष्ट मात्र घाबरवण्यापलीकडे कशाच्याच कामाची नाही.

नोंदवहीत तारीख, जागा, सूर्यास्ताची वेळ, पहिले वटवाघूळ दिसल्याची वेळ, ढग, वारा व चंद्र, आणि मग चार लक्षणे लिहावीत. जातीचे नाव खात्रीचे नसेल तर ‘मोठे, उंच, सरळ’ एवढे लिहिणे अधिक प्रामाणिक व पुढे अधिक उपयोगी ठरते. रांग मोजताना दहा-दहाचे गट करावेत, शक्य असल्यास दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे शेवटीच ताडून पाहावेत. टेरोपसची मोजणी पूर्वी विशेष कोणी करत नसे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, आणि ती अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने गेली.

जानेवारीत उत्तरायणानंतरचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीनंतरचे, आठ-दहा दिवस निरीक्षणाला निघताना खोके, जाड टॉवेल आणि चामड्याचे हातमोजे सोबत घ्यावेत. झाडांवर व तारांवर अडकलेला मांजा दिवसा पक्ष्यांना दिसतो तेवढाही संध्याकाळी दिसत नाही, आणि पातळ दोरा प्रतिध्वनीवर न चालणाऱ्या टेरोपसला कळण्याचे काही साधनच नसते. पंखात दोरा गुंतलेला प्राणी दिसल्यास दोरा ओढून सोडवू नये, कारण पडदा फाटतो. हातमोजे घालून, टॉवेल टाकून प्राणी गुंडाळावा, शरीरापासून वीतभर अंतरावर दोरा कापावा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी तोंडात घालू नये आणि करुणा पशुरुग्णवाहिकेच्या 1962 या क्रमांकावर कळवावे. दोरा उंच फांदीवर किंवा विजेच्या तारेवर अडकलेला असेल तर स्वतः चढू नये. अग्निशमन दलाला बोलवावे आणि ते येईपर्यंत खाली गर्दी होऊ देऊ नये.